परक्याला आसरा: दान की देणे?

घरदार सोडून परक्या शहरात उतरलेल्या माणसाला मदत करावी, याबद्दल कोणत्याही धर्मात दुमत नाही. दुमत सुरू होते ते पुढच्या प्रश्नापासून. ही मदत म्हणजे देणाऱ्याचे पुण्यकर्म, की आलेल्याचे त्या शहराकडे निघणारे देणे? पुण्यकर्म मानले, तर कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि हात केव्हा आखडता घ्यायचा, हे ठरवणे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. घेणाऱ्याने उपकार स्मरावेत, एवढेच त्याचे काम. देणे मानले, तर आलेला माणूस ते मागू शकतो, कमी पडले तर तक्रार करू शकतो आणि मिळाल्यावर कोणाचा मिंधा राहत नाही. यातच आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. हे देणे नक्की कोणाच्या अंगावर? त्याच्या भाषेच्या, धर्माच्या, गावच्या माणसांच्या, की सगळ्या शहराच्या?

नुसत्या ग्रंथांवरून याचा निकाल लागत नाही. ग्रंथ दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नका असे सांगतात. तो आत आल्यावर खोली, जेवण, औषध, कागदपत्रे आणि काम यांचा हिशेब सुरू होतो. हा हिशेब लंडनच्या पूर्व भागात, म्हणजे ईस्ट एंडमध्ये, तीनशे वर्षांहून अधिक काळ मांडला गेला आहे. जुन्या शहराच्या तटाबाहेरचा, गोद्यांजवळचा आणि स्वस्त भाड्याचा हा भाग. तटाच्या आत कारागिरांच्या संघांची पकड घट्ट होती. बाहेर परक्या विणकरालाही माग टाकता येई. त्यामुळे बोटीतून उतरलेल्याचे पहिले बिऱ्हाड बहुधा इथेच पडले. इथल्या ब्रिक लेनवर, फूर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्याला विटांची एक इमारत आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनो प्रॉटेस्टंटांनी ती १७४३ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८०९ मध्ये ती ज्यूंना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या एका संस्थेकडे गेली, १८१९ पासून मेथडिस्टांकडे, १८९८ मध्ये तिचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. भिंती त्याच राहिल्या. आसऱ्याला येणारे आणि आसरा देणारे बदलत गेले.

ह्यूगनोंच्या आधीच लंडनमध्ये परक्या प्रॉटेस्टंटांची सोय झालेली होती. सहाव्या एडवर्डने १५५० मध्ये सनद देऊन त्यांना स्वतंत्र चर्च चालवण्याची मुभा दिली. फ्रेंच भाषकांचे चर्च थ्रेडनीडल स्ट्रीटवर आले. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचा जाहीरनामा रद्द केला आणि फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट म्हणून जगणे अशक्य झाले. त्यानंतर इंग्लंडमध्ये आलेल्यांची संख्या साधारणतः पन्नास हजारांच्या घरात धरली जाते. स्पिटलफील्ड्समध्ये त्यांच्यासाठी सूप वाटणारे धर्मादाय घर उघडले, १७१८ मध्ये म्हाताऱ्या आणि आजारी निर्वासितांसाठी फ्रेंच रुग्णालयाला सनद मिळाली, राजाच्या निधीतून आणि चर्चाचर्चांतल्या वर्गणीतून पैसा आला. व्यवस्था चोख होती. मात्र मदतीच्या दाराशी आणखी एक दार होते. येणाऱ्याला आपल्या आधीच्या मंडळीकडून आणलेले दाखलापत्र चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे लागे. फ्रान्समध्ये सैनिकांच्या धाकाने जे कॅथलिक उपासनेला गेले होते, त्यांना भर मंडळीत त्या पापाची कबुली द्यावी लागे. ज्या जबरदस्तीपासून माणूस पळाला, तिच्यापुढे एकदा मान तुकवल्याबद्दल आसऱ्याच्या ठिकाणी त्याने क्षमा मागायची, हे आज वाचताना कठोर वाटते. त्या मंडळींच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न ओळखीचा होता. मदत आपल्यांसाठी होती, आणि आपला कोण हे ठरवायला दुसरी खूण त्यांच्यापाशी नव्हती.

आलेला खरा की खोटा, हा प्रश्न भारतीय परंपरेलाही अनोळखी नाही. रामायणाच्या युद्धकांडात विभीषण समुद्र ओलांडून येतो, तेव्हा त्याला ठेवून घ्यावे की नाही यावर सभा भरते. शत्रूचा भाऊ, ऐन युद्धाच्या तोंडावर आलेला. सुग्रीवाला तो हेर वाटतो, अंगद आणि जांबवान सावधगिरी सुचवतात, हनुमान त्याच्या बाजूने बोलतो. राम सगळ्यांचे ऐकून घेतो आणि शरण आलेल्याला अभय देतो. या प्रसंगाचे महत्त्व निर्णयापेक्षा त्याच्या कारणात आहे. विभीषण प्रामाणिक आहे हे सिद्ध झाले म्हणून त्याला अभय मिळत नाही. तो शरण आला, एवढ्यावर मिळते. पारख नंतरची. आश्रय मागणाऱ्याच्या कहाणीतल्या तारखा जुळत नाहीत म्हणून त्याला खोटा ठरवणाऱ्या आजच्या कचेऱ्यांनी हा क्रम उलटा केला आहे.

परंतु याच परंपरेत अतिथिधर्माची एक मर्यादाही आहे. तैत्तिरीय उपनिषद पाहुण्याला देवासमान मानायला शिकवते, तर मनुस्मृतीच्या व्याख्येत अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा. पाहुणा जाणार आहे, हे त्याच्या मानात गृहीत धरलेले असते. निर्वासित जात नाही. त्याला परत जायला घर नाही, म्हणून तर तो आला. त्याच्या मुलांना शाळा लागते, बायकोला दवाखाना लागतो, म्हाताऱ्याला दफनाची किंवा दहनाची जागा लागते. पाहुणचाराच्या नीतीवर शहर चालवू पाहिले की चौथ्या दिवशी तिचा धीर सुटतो.

राहणाऱ्या परक्याचा विचार सर्वांत बारकाईने केला तो ज्यू धर्मशास्त्राने, आणि त्याचे कारण उघड आहे: ज्यांनी ते लिहिले त्यांच्यातले कित्येक स्वतः परागंदा होते. मायमोनिडीज बाराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्दोबात जन्मला. अल्मोहादांची सत्ता आल्यावर त्याच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले, आणि मोरोक्को, पॅलेस्टाइन असे करत तो इजिप्तमधल्या फुस्तातला स्थिरावला. तिथे त्याने पकडल्या गेलेल्या ज्यूंच्या सुटकेसाठी गावोगावी पत्रे पाठवून पैसे उभे केले. त्याने मांडलेली दानाची आठ पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध आहे. खालच्या पायरीवर कुरकुरत देणारा, वर चढत जाता देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही असा, आणि सर्वांत वर, कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन ज्याने समोरच्याला मागण्याची वेळच येऊ दिली नाही असा.

या शिडीपेक्षाही त्याच्या संहितेतले छोटे नियम अधिक बोलके आहेत. अनोळखी माणूस भूक लागली म्हणाला तर चौकशी न करता जेवू घालावे. वस्त्र मागितले तर चौकशी करायला हरकत नाही. चौकशीचा हक्क आहे, पण भुकेच्या आड तो येऊ शकत नाही. दुसरा नियम असा की नव्याने गावात आलेल्याने किती काळ काढला की त्यालाही गावच्या निधीत वर्गणी घालावी लागेल, याच्या मुदती ठरलेल्या आहेत, आणि त्या वर्षांच्या नव्हे, महिन्यांच्या भाषेत आहेत. तिसरा नियम सर्वांत धीट: जो दानावर जगतो त्यानेही मिळालेल्यातून काही दान द्यावे. घेणारा हा कायमचा घेणारा नाही, उद्या तोही या निधीचा धनी आहे, ही समज या तिन्ही नियमांच्या मुळाशी आहे. दया आणि देणे यांतला फरक इथे स्पष्ट होतो. दयेने घेणारा खाली राहतो. देण्याच्या व्यवस्थेत त्याची पाळी पुढे येते.

हे शास्त्र पाठीशी असलेल्या समाजाने प्रत्यक्षात काय केले, हे ईस्ट एंडमध्ये दिसते. झार दुसरा अलेक्झांडर १८८१ मध्ये मारला गेला. त्यानंतर रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे पूर्व युरोपातून माणसांची रीघ लागली. लंडनमध्ये आधीपासून स्थिरावलेल्या सुखवस्तू ज्यूंनी १८५९ मध्येच गरिबांसाठी पालक मंडळ स्थापन केले होते. या मंडळाचा नियम होता, की देशात येऊन सहा महिने झाल्याशिवाय कोणालाही मदत मिळणार नाही. मदत सैल सोडली तर आणखी लोक येतील, गर्दी झाली तर इंग्रज बिथरतील आणि त्याचे चटके जुन्या-नव्या सगळ्याच ज्यूंना बसतील, ही धास्ती त्यामागे होती. मंडळाने हजारो कुटुंबांना तिकीट काढून परत पाठवले किंवा अमेरिकेच्या वाटेला लावले. ही माणसे दुष्ट नव्हती. तरीही, ज्या सहा महिन्यांत माणसाला मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच सहा महिने त्यांनी वगळले, ही गोष्ट कोणत्याही सबबीने झाकली जात नाही.

त्याच सुमारास व्हाइटचॅपलच्या एका गल्लीत एका गरीब ज्यू बेकरीवाल्याने आपल्या बेकरीत नव्याने उतरलेल्यांना झोपायला जागा दिली. पाव भाजण्याच्या जागेची ऊब आणि वर छप्पर, एवढेच त्याच्यापाशी होते. ना नियमावली, ना मुदत. मंडळाच्या पुढाऱ्यांनी जागा पाहिली आणि ती आरोग्याला घातक ठरवून १८८५ मध्ये बंद पाडली. वस्तीत संताप उसळला. त्या दडपणाखाली, सॅम्युएल माँटेग्यू आणि स्वतः पोलंडहून आलेले हर्मन लांडाउ यांच्यासारख्या धनिकांनी त्याच वर्षी गरीब ज्यूंचे तात्पुरते निवासघर उभे केले. ते लवकरच लेमन स्ट्रीटवर स्थिरावले. तिथे जास्तीत जास्त चौदा दिवस राहता येई, दोन वेळचे जेवण मिळे, रोख पैसा मिळत नसे. निवासघराची माणसे गोदीवर जाऊन बोटीला सामोरी जात. कारण तिथे सामान पळवणारे, खोटी तिकिटे विकणारे आणि भाड्याच्या खोलीचे आमिष दाखवून लुबाडणारे दलाल टपलेले असत. परक्या बंदरात उतरलेल्याला आपल्या भाषेत बोलणारा एक विश्वासू माणूस भेटणे, ही त्या घराची सर्वांत मोठी सेवा होती. तिचा खर्च कमी आणि किंमत फार.

आजही ब्रून स्ट्रीटवर त्या काळची आणखी एक खूण उभी आहे: गरीब ज्यूंच्या सूपगृहाची १९०२ ची इमारत. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत संस्थेचे नाव कोरलेले, दोन सन, एक ख्रिस्ती आणि एक हिब्रू गणनेचा, ५६६२. खाली एका दारावर आत जाण्याची वाट, दुसऱ्यावर बाहेर पडण्याची, तीही दगडात कोरलेली. हिवाळ्याच्या संध्याकाळी घरचे भांडे घेऊन लोक रांगेत उभे राहत आणि सूप व पाव घेऊन दुसऱ्या दाराने निघत. काटेकोर, स्वच्छ, कनवाळू व्यवस्था. पण देणारा-घेणारा एकमेकांना माहीत नसावेत असे सांगणाऱ्या धर्माच्या संस्थेने, या दारातून आत जाणारा प्रत्येक जण गरीब आहे हे रस्त्यावरच्या सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत कोरून ठेवले. देणगीदारांना दिसेल असे काम करावे लागते, ही सामाजिक संस्थांची जुनी अडचण आहे, आणि तिची भरपाई घेणाऱ्याच्या अब्रूतून होते.

आपल्यांची जबाबदारी आपणच घ्यायची, या तत्त्वाची खरी कसोटी १९३३ मध्ये लागली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येताच ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांनी सरकारला शब्द दिला, की येणाऱ्या ज्यू निर्वासितांपैकी एकाचाही भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही. काही हजार माणसे येतील, असा तेव्हाचा अंदाज होता. १९३८ नंतर तो कोसळला. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात आईवडिलांवाचून आलेली मुलेच दहा हजारांच्या जवळपास होती. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर गळ्यात क्रमांकाचे बिल्ले अडकवलेली ही मुले उतरत, आणि पुढे पुढे प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी द्यावी लागे. ज्यू, क्वेकर आणि इतर ख्रिस्ती संस्थांनी ती रक्कम उभी केली. शेवटी युद्ध सुरू झाल्यावर सरकारलाही खर्चाचा वाटा उचलावा लागला. एका समाजाने दाखवलेले हे औदार्य थोर आहे. पण त्या शब्दामुळे किती माणसे आत येऊ शकतील, हे समाजाच्या खिशावर ठरू लागले. जीव वाचवण्याचे कर्तव्य राज्याचे असेल, तर ते वर्गणीच्या आकड्याला बांधून ठेवता येत नाही.

आपली माणसे नसतील तर कोण उभे राहते? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हा प्रश्न हिंदुस्थानी खलाशांपुढे होता. बंगाल, सिल्हेट, गुजरात, रत्नागिरीचा किनारा आणि गोवा इथले खलाशी व खानसामे ब्रिटिश बोटींवर येत आणि परतीची बोट मिळेपर्यंत गोदीच्या आसपास थंडीत अडकून पडत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या परदेशीयांचे निवासघर उघडले. इंग्रज कुटुंबांबरोबर मुले सांभाळत आलेल्या आणि नंतर वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी ऑल्डगेटला, आणि १९०० पासून हॅकनीत, आयांचे घर होते. ते लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था चालवू लागली. दोन्ही ठिकाणी निवारा खरा होता आणि तो नसता तर कित्येक जण रस्त्यावर मेले असते. पण दोन्हीकडे धर्मोपदेशकही होते, आणि ज्याच्या घरी जेवायचे त्याचे प्रवचन ऐकायचे, हा अलिखित करार होता. भुकेल्याच्या समोर ताट ठेवून त्याच्या श्रद्धेला हात घालणे हे कोणत्याही धर्माला शोभत नाही. पुढे याच ख्रिस्ती परंपरेने हे ओळखले. पेद्रो अरुपे यांनी १९८० मध्ये स्थापन केलेली जेझुइट निर्वासित सेवा निर्वासिताबरोबर राहणे हेच आपले पहिले काम मानते. तिचे लंडनमधले केंद्र त्याच गोदी भागात, वॉपिंगला आहे.

मुंबईहून बोटीवर चढणाऱ्या गोमंतकीय खलाशाला स्वतःच्या व्यवस्थेची सवय होती. धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावाचे कूड, म्हणजे सामाईक बिऱ्हाडाच्या खोल्या, होते आणि काही अजून आहेत. भिंतीलगत ओळीने लावलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी, नाममात्र भाडे, आणि संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेला हजेरी. गिरणगावातल्या कोकणी आणि घाटी मंडळींच्या गावकीच्या खोल्याही याच जातीच्या. अशा जागेत कोणी उपकार केला असे कोणाला वाटत नाही; खोली गावाची, म्हणून आपलीही. लंडनमध्ये १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची मुळेही परमुलखात आपल्या माणसांना धरून राहण्याच्या याच ओढीत आहेत. या व्यवस्थेचे बळ आणि तिचा दोष एकाच ठिकाणी आहेत. आत असलेल्याला ती मिंधा करत नाही, आणि दुसऱ्या गावच्याला, कित्येकदा दुसऱ्या जातीच्याला, ती दार उघडत नाही.

खलाशांमध्येच आपल्या माणसांचे घर कसे असावे याचा एक नमुना ईस्ट एंडमध्ये उभा राहिला. सिल्हेटहून आलेले अयुब अली मास्टर यांनी कमर्शियल स्ट्रीटवर शाह जलाल नावाचे उपाहारगृह काढले आणि सँडीज रो या गल्लीतले आपले तेरा नंबरचे घर बोटीवरून पळालेल्या खलाशांना मोकळे केले. याच गल्लीत ह्यूगनोंच्या जुन्या प्रार्थनामंदिरात डच ज्यूंनी थाटलेले सिनेगॉग आहे. तेरा नंबरात जेवण आणि झोपायला जागा फुकट मिळे, पण मुख्य काम कागदांचे होते: पोलिसांकडे नोंद, इंडिया हाउसमधली नोंदणी, शिधापत्रिका, आणि लिहिता न येणाऱ्यांची घरची पत्रे. १९४३ मध्ये त्यांनी शाह अब्दुल मजीद कुरेशी यांच्यासह हिंदुस्थानी खलाशांची कल्याण संघटना स्थापन केली.

मदिनेतल्या एका प्रसंगाशी याचे नाते जुळते. ६२२ मध्ये मक्केहून परागंदा होऊन आलेल्यांपैकी एकेकाला पैगंबरांनी मदिनेतल्या एकेका रहिवाशाचा भाऊ ठरवले. अब्दुर्रहमान इब्न औफ यांचे भाऊ झाले साद इब्न रबी. सादने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमानने तिच्यावर बरकत चिंतली आणि बाजार कुठे आहे एवढेच विचारले. पनीर आणि तूप विकून थोड्याच दिवसांत ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. सादचे औदार्य आणि अब्दुर्रहमानचा स्वाभिमान, दोन्ही या कथेत आदर्श मानले जातात. मायमोनिडीजची सर्वांत वरची पायरी हीच. पण तिथे एक गोष्ट गृहीत आहे: बाजार खुला होता. नवख्याला तिथे बसायला कोणी मज्जाव केला नाही.

बंगाली वस्ती वाढली तसा मागण्याचा सूरही बदलला. नगरपालिकेच्या घरांच्या वाटपात आपल्याला डावलले जाते, हे दिसल्यावर १९७६ मध्ये बंगाली कुटुंबांनी संघटना बांधली आणि रिकाम्या पडलेल्या इमारतींत मुक्काम ठोकला. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण शिवणकामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये वर्णद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो पडला, तिला १९९८ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. कृतज्ञ राहून गप्प बसण्याचा काळ त्या मोर्चाने संपवला. आश्रिताने तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा, असे मानणाऱ्यांना हे खटकले. पण तक्रार करण्याची मोकळीक नसेल, तर मिळालेली जागा ही नुसती पडवी आहे.

हक्काच्या या बाजूचे तत्त्वज्ञान युरोपात कांटने १७९५ मध्ये मांडले. पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे, माणसे तिच्यावर कायमची एकमेकांपासून दूर पांगू शकत नाहीत. म्हणून परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर शत्रू न मानले जाण्याचा हक्क आहे, आणि परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर त्याला पाठवता येत नाही. कांटने यजमानाच्या घरात कायम राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. हॅना आरेंट त्यापुढे गेली. जर्मनीतून पळाल्यावर तिने पॅरिसमध्ये निर्वासित ज्यू मुलांना पॅलेस्टाइनला नेणाऱ्या संस्थेत काम केले, १९४० मध्ये गुर्सच्या छावणीत दिवस काढले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्क गाठले. मदत करणारी आणि मदत घेणारी, दोन्ही बाजू तिने अनुभवल्या होत्या. तिचा निष्कर्ष असा, की देश गमावलेल्या माणसाकडे मानवी हक्कांचा कागद उरतो, पण तो वठवणारे कोणी उरत नाही. कुठल्या तरी समाजाचा सभासद असणे, हाच बाकी सर्व हक्कांचा पाया आहे. १९५१ च्या निर्वासित करारात कांटचा किमान हक्क आला: जिथे जिवाला धोका आहे तिथे कोणाला परत ढकलायचे नाही. सभासदत्वाचा प्रश्न शहरांवर आणि त्यांतल्या संस्थांवर पडला.

त्या संस्था आज काय करतात ते पाहिले, की सामाजिक सेवेचे खरे स्वरूप कळते. बेथनल ग्रीनमधली प्रॅक्सिस ही संस्था १९८३ पासून स्थलांतरितांना कायदेशीर सल्ला आणि निवाऱ्यासाठी मदत देते. इतरत्र दुभाषी पुरवणे, डॉक्टरकडे नाव नोंदवणे, शाळेत प्रवेश मिळवणे, इंग्रजीचे वर्ग, गुरुद्वाऱ्यातला लंगर, रमजानातले मशिदीतले जेवण. हिवाळ्यात काही वस्त्यांत सात चर्च एकत्र येऊन आठवड्याची एकेक रात्र वाटून घेतात, आणि बेघरांची अंथरुणे रोज वेगळ्या सभागृहात पडतात. निर्वासित म्हणून मान्यता मिळालेले लोकही या रांगेत दिसत, कारण मान्यता मिळताच सरकारी निवास सोडण्याची मुदत अनेक वर्षे अवघी २८ दिवसांची होती. चांगुलपणाला कायद्याची जोडही लागते: ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणे गुन्हा आहे, मग तो धर्मगुरू का असेना. चुकीच्या सल्ल्याने अर्ज फेटाळला जातो आणि माणसाचे आयुष्य पणाला लागते, म्हणून हा नियम योग्यच आहे.

त्याच १९९९ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना लंडनबाहेर, जिथे घरे स्वस्त आहेत अशा गावांत पांगवण्याची पद्धत रुजवली. युगांडातून १९७२ मध्ये हाकलल्यावर ब्रिटनमध्ये आलेल्या सत्तावीस हजारांवर आशियाईंच्या बाबतीतही सरकारने असेच केले होते. त्यांत गुजरात्यांबरोबर गोमंतकीयही होते. कोणत्या शहरांत जाऊ नये, हे त्यांना सांगितले गेले. बरेच जण तरीही तिथेच गेले, कारण आपली भाषा बोलणारा दुकानदार, देऊळ, चर्च आणि ओळखीचा डॉक्टर तिथे होता. आपल्या माणसांची वस्ती हीच पहिली सेवा असते आणि ती सरकारला अंदाजपत्रकातून उभी करता येत नाही. ती मोडून माणसांना एकटे पाडायचे आणि मग समावेशनासाठी योजना काढायच्या, यात शहाणपण नाही.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळता येत नाही. शहरात आधीच गरीब आहेत, घरांसाठी रांगा आहेत. नव्याला दिले तर जुन्याचे कमी होते. महाभारतातल्या शिबी राजाच्या कथेत ससाणा हाच युक्तिवाद करतो: कबुतराला अभय दिलेस, पण माझा घास काढून घेतलास, त्याचे काय? शिबी ससाण्याला खोटे ठरवत नाही. तो त्याचे म्हणणे मान्य करतो आणि भरपाई स्वतःच्या अंगाच्या मांसाने करतो. नीतीचा धागा इथे आहे. आश्रयाची किंमत असते आणि ती ज्याने अभय दिले त्याने मोजायची असते. निर्वासितांना सर्वांत स्वस्त भाड्याच्या, म्हणजे सर्वांत गरीब वस्त्यांत ठेवणारे राज्य अभय आपल्या नावाने देते आणि मांस शेजाऱ्याचे कापते. मग त्या वस्तीतला जुना गरीब नव्या गरिबावर चिडतो, आणि त्या चिडीला द्वेषाचे राजकारण करणारे लगेच येऊन मिळतात. हे देणे सगळ्या शहराचे, सगळ्या देशाचे आहे. त्याचा भार श्रीमंत वस्त्यांनीही उचलल्याशिवाय ते फिटले असे म्हणता येणार नाही.

मात्र पैशापेक्षाही जास्त नुकसान दुसऱ्याच नियमाने होते. ब्रिटनमध्ये २००२ पर्यंत आश्रयाचा अर्ज सहा महिने प्रलंबित राहिला तर कामाची परवानगी मागता येत असे. ती सोय काढून टाकण्यात आली. नंतर २००५ पासून ती परत आली, पण मुदत बारा महिन्यांची झाली. पुढे कामेही सरकारने ठरवलेल्या टंचाईच्या यादीपुरती उरली. तोवर स्वयंपाकाची सोय असलेल्या निवासातल्या माणसाने २०२४ च्या दराने आठवड्याला ४९.१८ पौंडांत भागवायचे. शिवणकाम, सुतारकाम, औषधाचे ज्ञान हातात असलेला माणूस वर्षभर सूप आणि ब्लँकेटच्या रांगेत उभा केला जातो, आणि नंतर तोच परावलंबी म्हणून त्याला नावे ठेवली जातात. चर्च, मशिदी, सिनेगॉग आणि गुरुद्वारे त्याला जेवू घालू शकतात. बाजाराचे दार उघडणे त्यांच्या हातात नाही. ते कायद्याच्या हातात आहे, आणि जो कायदा धडधाकट माणसाला घेणारा म्हणूनच ठेवतो, तो अन्याय्य आहे. तो बदलला पाहिजे.